बटाट्याचे बूट

घरी दोन बटाटे धुवायला घेतले तरी माझी नजर आधी स्वतःच्या पायांकडं जाते. पाय चपलेत असतात, नळापासून चांगले लांब असतात, त्या बटाट्यांशी त्यांचा काही संबंध नसतो. तरी बघितल्याशिवाय राहवत नाही. ही खोड मला लंकामावशीमुळं लागली. मावशी आता सुप्यात नाही, पण खोड गेली नाही.

लंकामावशी आमच्या कंपनीच्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण होती आणि मी पॅकिंगला. माझं माहेर-सासर दोन्ही गडचिरोलीकडं, कुरखेड्याच्या पुढं. आठवीनंतर माझी शाळा सुटली, मग लग्न झालं आणि नवऱ्याला इकडं काम लागलं म्हणून लेकीला कडेवर घेऊन मीही सुप्याच्या एमआयडीसीत आले. इथं आल्यावर पहिली उणीव जाणवली ती झाडांची आणि दुसरी भाताची. कंपनीत रोज चपाती नाहीतर भाकरी, आणि ताटाच्या कोपऱ्यात वाटीभर भात. मी भात तेवढा खायची, बाकीचं कसंबसं गिळायची नाहीतर तसंच ठेवायची. ताट परत करताना कुणी रागावेल याची धास्ती असायची. नव्या जागी मला सगळ्याचीच धास्ती वाटायची.

तेव्हा स्वयंपाकघर आणि जेवायचा हॉल यांच्यामध्ये भिंत होती. भिंतीला छातीएवढ्या उंचीवर एक बुटकी खिडकी होती. तिच्यातून ताटं यायची आणि ताटामागं मनगटापर्यंतचे हात दिसायचे, चेहरे नाही. एक दिवस मी उष्टं ताट सरकवलं आणि खिडकीत एक चेहरा खाली वाकला. कपाळावर घाम होता आणि डोक्यावर कंपनीची जाळीची टोपी.

"रोज भाकरी का ठेवती गं? कुठली तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. तिला ते कळलं नसावं, पण भाताचं कळलं. ती आत वळून वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "ही तांदळाच्या मुलखातली हाय. हिला भात जास्त घालत जा." त्या दिवसापासून माझ्या ताटातला भात वाढला. घरी जाऊन मी थोडी रडले. कुणीतरी वाकून विचारलं, एवढंच निमित्त.

ती लंकामावशी. पुढं कळलं की ती आमच्याच गल्लीत राहते. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आत भिंतीवर निळ्या चौकटीत बुद्धाची तसबीर. आज्याच्या काळात दीक्षा घेतलेलं घर. नवरा गेलेला, एक मुलगी श्रीरामपूरला दिलेली. मावशी बुटकी, दंड मात्र पैलवानासारखे. बोलायची खणखणीत, कारण दिवसभर मोठ्या शेगड्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. गल्लीतही ती "साखर हाय का?" असं विचारायची तेव्हा चार घरं पलीकडच्या बाईला ऐकू जायचं.

माणसं ती माणसं म्हणून मोजत नसे. "आज सहाशे पोटं हायेत," म्हणायची. कुणी आजारी पडून रजेवर गेलं तर "एक पोट कमी." आमच्या घरात आम्ही तिच्या लेखी अडीच पोटं होतो. मीठ बघायची तिची पद्धत वेगळी होती. डाळीचा थेंब डाव्या तळहातावर घ्यायची, हात पूर्ण लांब धरून आधी बघायची, मग जवळ आणून हुंगायची आणि शेवटी चाखायची. लांबून रंग कळतो आणि जवळून चव, असं तिचं म्हणणं. नाक मुरडणाऱ्या कुणालाही तिचं एकच सांगणं असायचं, "आधी जवळ ये, मग नाक मुरड."

आणि अशा बाईला चहावरची साय चालत नव्हती. कॅन्टीनमध्ये दुधाच्या पातेल्यावर चादरीएवढी साय धरायची, ती मावशी दोन्ही हातांनी उचलून बाजूला करायची, तिला काही वाटायचं नाही. पण स्वतःच्या कपात नखाएवढा सायीचा तुकडा तरंगताना दिसला की कप तोंडापाशीच थांबायचा. करंगळीनं तो अलगद काठावर ओढायची, झटकून लांब फेकायची, मग कप फिरवून दुसऱ्या बाजूनं प्यायची. मी एकदा हसले तर म्हणाली, "हसू नको. ती पातेल्यातली साय लोकांची. ही माझ्या तोंडाजवळ आली."

माझ्या आईनं एकदा गावच्या माणसाबरोबर डबा पाठवला. त्यात लाल मुंग्यांची चटणी होती. आमच्याकडं साजाच्या, आंब्याच्या झाडावर मुंग्यांची पानांची घरटी असतात, ती काढून मिरची-मीठ घालून कुटतात. लहानपणापासून ताप आला, तोंडाची चव गेली की हीच चटणी. मी डबा उघडून बसले होते तेवढ्यात मावशी आली. वास घेत म्हणाली, "काय गं हे? चिंच घातली का जवसात?"

मी खरं सांगितलं. मावशी दोन पावलं मागं गेली ती थेट उंबऱ्यावर. मला वाटलं संपलं, आता ही बाई आपल्याकडं पाणीसुद्धा पिणार नाही. पॅकिंगच्या लाइनवर एका पोरीला मी हे बोलून बसले होते आणि तिथं माझं नाव "मुंगी" पडलंच होतं.

मावशी उंबऱ्यावर उभी राहून डब्याकडं बघत राहिली. म्हणाली, साखरेच्या डब्यात एक मुंगी दिसली तर सगळी साखर चाळते मी. मग जराशानं आत आली, माझ्या शेजारी बसली, डबा हातात घेऊन नाकापाशी नेला. "आता एवढ्या जवळ आलेच हाय तर दे." बोटाच्या टोकावर घेतलं, डोळे मिटले आणि जिभेला लावलं.

"आंबट हाय की." आणखी घेतलं. "बाजरीच्या भाकरीबरोबर चालंल." मग स्वतःशीच हसायला लागली. "एक मुंगी दिसली तर घान, आन वाटीभर असल्या तर कालवन. माणसाचं टकुरं बघ कसं चालतं."

जाताना मात्र दारात थांबून तिनं आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "लाइनवर कुनाला दाखवू नको पुन्हा. जो शेजारी मांडी घालून बसंल त्यालाच दाखवायचं. लांबनं बघणाऱ्याला कशाला?"

हे ती मला सांगून गेली. स्वतःला सांगायचं राहून गेलं, असं मला नंतर फार वेळा वाटलं.

कारण मावशीच्या मनात एक हट्ट होता. तिला ती भिंत नको होती. कॅन्टीनच्या ठेकेदाराकडं ती वर्षानुवर्षं एकच मागणं मागायची, भिंत पाडा आणि काच लावा. पगार वाढवा असं कधी म्हणायची नाही.

हे मागणं पक्कं झालं ते एका केसावरून. एका ऑपरेटरच्या डाळीत केस निघाला. त्यानं ताट खिडकीवर आपटलं आणि आत काय घाण चालते कुणाला दिसतंय, असं मोठ्यानं बोलला. मावशीनं केस चिमटीत धरून उजेडाकडं केला, टोपी काढून आपलं पांढरं डोकं खिडकीत घातलं आणि म्हणाली, "दादा, हा मेंदीचा केस हाय. आतल्या कुठल्याच बाईच्या डोक्याला मेंदी न्हाई. तुमच्या मिशीला हाय." हॉल इतका हसला की तो ऑपरेटर महिनाभर डबा घेऊन यायचा. पण मावशी हसली नव्हती. संध्याकाळी मला म्हणाली, "न्हाई दिसत म्हनून बोलत्यात. दिसलं तर कशाला बोलतील?"

त्यामागं अजून एक गोष्ट होती, ती तिनं मला एकदाच सांगितली. तिची आई गावातल्या लग्नांत मांडव झाडायला जायची. पंगती उठल्यावर तिला जेवण मिळायचं, ते वाढणारा उभा राहून वरून पदरात टाकायचा. हात लागू नये म्हणून. भात पदरात पडायचा, वरण भातावर पडायचं आणि पदरातून गळायचं. "माझ्या आईच्या पदरात वरनं पडायचं," मावशी म्हणाली. "आन आज सहाशे पोटं माझ्या हातचं खात्यात. पन माझा हात कुनी बघितलाय? खिडकीतनं मनगट दिसतं." ती आपला हात उलटा-सुलटा करून बघत होती.

शेवटी काच लागली. कंपनीत बाहेरचे पाहुणे येणार होते, त्यांना उघडं स्वयंपाकघर आवडतं असं कुणी साहेबांना सांगितलं म्हणून. पण मावशीला वाटलं तिचंच ऐकलं. एका सुट्टीत भिंत पाडली, छतापासून कमरेपर्यंत काच बसवली, वाढायला बाजूला उघडा काउंटर केला. पहिल्या दिवशी मावशीनं टोपीखाली गजरा घातला होता, सुपरवायझरनं तो काढायला लावला. तरी ती खूश होती. आम्ही जेवायला गेलो की आतून झारा हलवून दाखवायची. आम्ही पण हात हलवायचो.

पहिले काही दिवस तसेच गेले. मग हळूहळू लोक काचेकडं पाठ करून बसायला लागले.

मी बघत होते म्हणून सांगते, आत काही वाईट चाललं नव्हतं. होतं ते एवढंच की सगळं मोठं होतं. घरी बाई कणीक मळते तेव्हा बोटं भरतात, आणि इथं मावशीचे हात कोपरापर्यंत कणकेत जायचे. घरी चमचाभर तिखट पडतं, इथं पिशवी फाडून उलटी करायचे. डाळ ढवळायला वल्ह्यासारखं लाकूड. कांद्याचा ढीग गुडघ्यापर्यंत. लोकांनी हेच अन्न वर्षानुवर्षं चाटून-पुसून खाल्लं होतं. पण ताटात ते ताटाएवढं असायचं. आमच्या लाइनवरच्या पोरी म्हणायला लागल्या, नको गं तिकडं बसायला, कसंसंच होतं. कशानं होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं.

आणि मग बटाटे.

एवढ्या माणसांचे बटाटे हातानं चोळून धुवायचे तर अर्धी पाळी त्यातच जाईल. म्हणून मावशीची पद्धत अशी. स्वयंपाकघरात काचेलगतच एक सिमेंटचा हौद होता, त्यात पोती रिकामी करायची, पाणी सोडायचं आणि गुडघ्यापर्यंतचे पांढरे रबरी बूट घालून आत उतरून बटाटे तुडवायचे. माती सुटली की पाणी काढून टाकायचं, नवं घ्यायचं, पाणी नितळ दिसेपर्यंत. त्यानंतर साली निघायच्या त्या निघायच्याच. ते बूट सगळे "बटाट्याचे बूट" म्हणूनच ओळखायचे. त्यांना वेगळी खुंटी होती, उलटे टांगलेले असायचे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वापरायच्या आधी उकळत्या पाण्यानं धुतलेले. आणि मावशीचा सगळ्यात कडक नियम म्हणजे ते बूट कधी जमिनीला लागायचे नाहीत. ती हौदाच्या कठड्यावर बसायची, तिथंच पायात बूट चढवायची आणि पाय उचलून सरळ पाण्यात सोडायची. बाहेर येताना पुन्हा कठड्यावर बसून बूट काढायची, मग चप्पल. इतकी सांभाळून की जणू ते पाय तिचे नव्हतेच, कॅन्टीनचे होते.

काचेतून एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात कठडा नाही, खुंटी नाही, उकळतं पाणी नाही. फक्त गुडघ्यापासून खालचे पाय आणि त्याखाली बटाटे. जवळ ओढून काढलेला, त्यामुळं बूट पडदाभर दिसत होते. खाली लिहिलं होतं, "आपली भाजी." दुपारपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरला. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत सुद्धा पोचला.

दुसऱ्या दिवशी बटाट्याची भाजी नव्हतीच, मटकी होती. तरी ताटं भरलेली परत आली. मावशी काचेच्या आत उभी राहून परत येणारी ताटं बघत होती. तिनं त्या दिवशी झारा हलवला नाही.

एचआरचे साहेब आले. मावशीनं त्यांना आत बोलावलं, बूट काढून दाखवले, उकळत्या पाण्याचं पातेलं दाखवलं, म्हणाली, "साहेब, हात लावून बघा, तुमच्या ताटापेक्षा स्वच्छ हायेत." साहेब वाईट माणूस नव्हते. पण ते दारातच थांबले. म्हणाले, मावशी, मला पटतंय, पण लोकांना तसं वाटतंय ना. वाटतंय त्याला काय करणार?

इथवर बुटांचं झालं. नंतर जे झालं त्यात बूट नव्हते. काचेतून चेहरा दिसायला लागल्यावर लोकांनी चेहऱ्याचं नाव विचारलं, नावावरून आडनाव, आडनावावरून गाव आणि गल्ली. एवढी वर्षं खिडकीतून ताट घेताना कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता. एक जुना फिटर होता, मावशीच्या हातच्या चपात्यांचा शौकीन, रोज दोन जादा मागून घ्यायचा. तो त्या दिवशी काउंटरवर ताट ठेवत शेजारच्याला म्हणाला, आधी माहीत असतं तर. पुढचं त्यानं गिळलं. मावशी तिथंच होती.

"आबा," ती म्हणाली, "परवाची चपाती कशी हुती?"

फिटर गोंधळला. म्हणाला, चांगली होती.

"परवा पन मीच हुते."

फिटर खाली बघत निघून गेला. तो परत आलाच नाही असं नाही. आठवड्यानं आला, पण चपाती एकच घ्यायला लागला. मावशीनं ते मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज दुसऱ्यांदा खाली आलेला मी ऐकला. व्हिडिओपेक्षा ती एक चपाती तिला जास्त लागली.

ठेकेदारानं मार्ग काढला. मावशीनं स्वयंपाकाला हात लावायचा नाही, मागच्या बाजूला भांडी घासायला जायचं, पगार तोच. मागची बाजू काचेतून दिसत नव्हती. मावशी म्हणाली, भांडी घासायची मला लाज न्हाई. पन सहाशे पोटांना जेवू घालनारी मी, मला कुनी दिसू नये म्हनून मागं ठेवनार असाल तर मी न्हाई येत. आणि दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

मी संध्याकाळी तिच्याकडं गेले. जाताना लेकीच्या हातात बटाटे दिले होते, का दिले ते मलाच कळलं नाही, घरात दुसरं काही नव्हतं. मावशीनं ते घेतले, पाट ओढून मोरीपाशी बसली आणि एकेक बटाटा नळाखाली धरून अंगठ्यानं घासायला लागली, अगदी बाळाचे कान धुवावेत तसा.

"काच मीच मागितली गं," मग म्हणाली.

मला वाटतं ते असं की त्या काचेनं लोकांचे डोळे तेवढे जवळ आणले. लोक होते तिथंच राहिले. वास, आवाज, उकळत्या पाण्याची वाफ, "भाकरी का ठेवती गं" म्हणून वाकणारा चेहरा, यातलं काहीच काचेतून येत नव्हतं. डोळ्यांना इतकं जवळ नेलं आणि माणसाला लांबच ठेवलं की असंच होत असावं. पण हे मला आज लिहिताना सुचतंय. तेव्हा मी नुसती शेजारी मांडी घालून बसले आणि धुतलेले बटाटे पुसत राहिले.

तिनं त्या बटाट्यांची भाजी केली. आम्ही तिघींनी खाल्ली. अडीच पोटांच्या अंदाजानं तिला मीठ घालता येईना. भाजी खारट झाली होती. लेकीनं पाणी पीत पीत खाल्ली, पण संपवली.

आता त्या काचेवर आतून मोठं रंगीत स्टिकर चिकटवलंय. टोमॅटो, मटार, दवाचे थेंब पडलेले बटाटे, माणसाच्या डोक्याहून मोठे. लोक पुन्हा काचेकडं तोंड करून जेवतात. वाढायला पुन्हा खिडकी झाली आहे आणि खिडकीतून मनगटं दिसतात. मी एकदा वाढणाऱ्या बाईला हळूच विचारलं, बटाटे आता कसे धुता? ती आधी मागं-पुढं बघून घेऊन म्हणाली, बूट हायेत की. खुंटीवरच हायेत. मला विचारायचं होतं की कठड्यावर बसून घालता का, पण मागं रांग होती.

मावशी लेकीकडं श्रीरामपूरला जायला निघाली त्या सकाळी माझी पहिली पाळी होती, तिच्यासोबत स्टँडवर जाता आलं नाही. पण कंपनीची बस स्टँडसमोर सिग्नलला थांबते. मी खिडकीपाशी होते. रस्त्याच्या पलीकडं, चहाच्या टपरीच्या बाकावर मावशी बसली होती, शेजारी बांधलेलं बोचकं, हातात कप. गाड्या मध्ये येत होत्या. एवढ्या लांबून ती फार लहान दिसत होती, पडवीत बसायची त्याच्या अर्धी सुद्धा नाही.

मी काचेवर टकटक केलं. ती बस एसीची, तिच्या काचा उघडत नाहीत. मावशीनं वर बघितलं नाही, तिचं लक्ष कपात होतं. तिनं करंगळी कपात घातली, काठापर्यंत अलगद ओढत आणली आणि हात लांब करून झटकला. मग कप फिरवून दुसऱ्या बाजूनं तोंडाला लावला.

शेजारच्या पोरीनं विचारलं, कोण आहे गं तिकडं? तिला तिथं चहा पिणारी एक म्हातारी दिसत असणार, बाकी काही नाही. रस्त्याच्या पलीकडून कपातली साय कुणाला दिसत नाही. मला दिसली.